वजनातून सूट

तरीच्या धक्क्यावर तोलफळी बसवली तेव्हा गावाने तिच्यापुढे नारळ फोडला आणि तिला फसवायचं कसं, याचा विचार त्याच संध्याकाळी सुरू केला.

फळीवरून माणूस चालत बोटीत गेला की त्याचं आणि त्याच्या सामानाचं वजन ती मोठ्याने सांगे. भार पुरा झाला की फाटक बंद. खाडी बोट आपली आपण पार करी. वैजयंती कुबल तिच्यावर होती ती दोर सोडायला, बांधायला आणि लोकांची बोलणी खायला. धक्क्याला लागलेली बोट लोखंडी हातांनी उचलून धरलेली असे, त्यामुळे सुटेपर्यंत बोट चालवणाऱ्या यंत्राला फळी सांगेल तेच खरं वाटे.

चतुर्थी जवळ आली आणि संदेश परुळेकर या गावपुढाऱ्याला एकाएकी धर्म आठवला. देवाला तोलायचं? देव म्हणजे सामान? मोर्चा निघाला. कंपनी घाबरली आणि फळीला नवीन नियम शिकवला गेला : पेटीवर ‘मूर्ती’ अशी चिठ्ठी असेल, तर वजन शून्य. पेटी उघडून बघायचीही सोय नव्हती, कारण घरी स्थापना होईपर्यंत मूर्तीचं तोंड झाकून ठेवायची रीत आहे.

मग काय, भक्तीला पूर आला. एकेका घराला तीन-तीन गणपती निघाले. एका देवातून खोबरेल गळत होतं, दुसऱ्यातून फरश्या खणखणत होत्या, तिसरा उचलायला चार माणसं लागत होती. वैजयंतीने कंपनीला कळवलं. भावना दुखावू नका, असं उत्तर आलं.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी दिगंबर मोंडकर धक्क्यावर आले. कमरेखाली लुळे, विजेवर चालणारी खुर्ची हेच त्यांचे पाय. ती मिळवायला त्यांना दोन वर्षं अर्ज करावे लागले होते. माणूस चौपन्न, खुर्ची साठ, असं फळीने साऱ्या धक्क्याला ऐकवलं. त्यांच्यामागून परुळेकर आपली ‘मूर्ती’ दोघा गड्यांकडून ओढून घेत आला आणि तिचं वजन शून्य भरलं.

खाडीच्या मध्यावर इंजिन मंदावलं. मोकळ्या पाण्यात बोट किती खोल बसलीय, हे यंत्राला आता कळलं होतं.

“फळीने सांगितलं त्यापेक्षा पाचशे चाळीस किलो जास्त आहेत,” ते शांतपणे म्हणालं. “पुढे ओहोटीची ओढ आहे. वळलो तर लाट आडवी आत येईल. वजन कमी करा.”

वैजयंती म्हणाली, “पेट्ये उघडा.”

“देवाचा तोंड वाटेत उघडूचा?” परुळेकर उखडला. “ती खुर्ची टाका आधी. नुसता लोखंड आसा ता. मी नवीन घेवन देतंय.”

आणि त्यांनी टाकली. चांगल्या खात्यापित्या घरच्या चार धडधाकट माणसांनी दिगंबरकाकांना उचलून बोटीच्या तळावर ठेवलं आणि खुर्ची कडेवरून ढकलली. वैजयंतीने खुर्चीचं चाक धरलं होतं. एकाने तिची बोटं एकेक करून सोडवली. बाकीचे देवाचं नाव घेत दुसरीकडे बघत बसले. लाज नावाची गोष्ट त्यांनी बहुधा धक्क्यावरच ठेवली होती.

“साठ किलो कमी झाले,” यंत्र म्हणालं. “अजून चारशे ऐंशी.”

पाणी कडेवरून आत आलं. तरी एकाही पेटीची दोरी सुटेना. पेटी पाण्यात टाकली तर सामान जाणार, उघडली तर अब्रू जाणार. जो तो दुसऱ्याच्या पेटीकडे बघत होता.

“माझा वजन सगळ्यांनी आयकला,” पाण्यात बसलेले दिगंबरकाका म्हणाले. “आता तुमच्या देवांचा सांगा.”

पाणी घोट्यापर्यंत आलं. परुळेकरने धोतर सावरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पाय भिजू नयेत म्हणून चपलांसकट आपल्या पेटीवर चढून उभा राहिला. त्याचं बघून आणखी तिघेचौघे आपापल्या पेट्यांवर चढले.

वैजयंतीने दिगंबरकाकांना काखेत धरून वर घेतलं आणि परुळेकरकडे बघून विचारलं, “भाऊनू, पायाखाली कोण आसा?”