अंगवळणी

रोज सकाळी ताई मास्तरांना आपली नव्याने ओळख करून देत. मास्तर खुर्चीतून अर्धवट उठत, अदबीने मान लववत आणि म्हणत, "बरं झालं भेटलात. मातीला हात लावून युगं लोटली मला." आदल्या दिवशीची माती त्यांच्या नखांत तशीच असे.

गेलेले हात पुन्हा कामाला लावणं हा ताईंचा पेशा. उपचारकेंद्राच्या तळमजल्यावरची लांबट खोली त्यांची होती. खिडकीलगत टेबल, भिंतीला नळ, कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली झाकलेली माती. मास्तरांनी उभा जन्म कलाशाळेत शिल्पकला शिकवण्यात घालवला होता. मेंदूच्या तापाने त्यांचा उजवा हात लुळा केला आणि स्मरणाचं दारही लावून घेतलं. जुनं सगळं आत शाबूत होतं, नवं काही आत शिरत नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांची लेक अजून शाळेत जात होती. रोज जेवणाचा डबा घेऊन येणारी, कानाशी केस पिकू लागलेली बाई त्यांना परकी. तिला ते "आपण" म्हणत.

लेक डोळ्यांतून पाणी काढत नसे. ती फक्त विचारी, आज काही फरक?

फरक होता, पण तो हातात. मास्तर रोज एक चेहरा घडवायला घेत. दुपारी ताई तो मोडून माती परत घमेल्यात टाकत. दुसऱ्या दिवशी मास्तर पाटी कोरी करून येत, पण हात कोरा येत नसे. काल जिथे अंगठा घसरला, तिथे आज तो आधीच जपून जाई. हाताची आठवण वेगळ्या कप्प्यात राहते, ताईंनी लेकीला समजावलं. माणूस गाव विसरतो, पण सायकल चालवणं विसरत नाही. म्हणून आपण चिकाटी सोडायची नाही.

"मग चेहरा कुणाचा करतात ते?" लेकीने विचारलं. तिला आशा होती. पण तो चेहरा तिचा नव्हता, तिच्या आईचाही नव्हता. डावा गाल किंचित उतरलेली एक बाई, मिटलेले डोळे, आणि कुणी हाक मारल्यासारखी वळलेली मान. उजव्या कानाची पाळी चिरलेली. मास्तरांना विचारावं तर ते नवलाने ताईंकडे बघत. "कोण म्हणजे? मी तर आत्ता कुठे सुरुवात केलीय."

त्याच वेळी एक ड्रायव्हरकाका उपचाराला येत. आयुष्य बसच्या चाकामागे गेलेलं, आता पक्षाघाताच्या झटक्याने डावा हात अडलेला. मुठीत बळ यावं म्हणून ताई त्यांना मातीचा गोळा दाबायला देत. काका थट्टेखोर होते. गिअर बदलता बदलताच हा हात संपला, म्हणायचे. मास्तरांकडे पाठ करून, खिडकीबाहेर बघत ते गोळा दाबत बसायचे.

एके दिवशी ताईंनी तो गोळा परत घेतला. त्यावर कान होता. नीट घडवलेला, आतल्या वळणांसकट. पाळी चिरलेली.

काकांनी आपला हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा उलटसुलट पाहिला. "ताई, मला साधा चेंडू वळता येत नाही," ते म्हणाले. या खेपेला थट्टा केली नाही.

येताजाता नजर पडली असेल, ताईंनी स्वतःला बजावलं. त्यांनी काकांची वेळ बदलली आणि बाहेरून नवीन माती आणवली. काका आता मास्तर गेल्यावर येऊ लागले. त्यांच्या गोळ्यात हनुवटी उमटली. मग उतरलेला गाल.

आणि मास्तरांनी कान, हनुवटी, गाल करणं सोडून दिलं. ते थेट पापण्यांपासून सुरू करू लागले. तेवढं काम उरकलं आहे, असं त्यांच्या हाताला कुणी कळवल्यासारखं.

ताईंनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते खूश झाले. हात सुधारतोय ना, मग तुम्ही का चिंता करता, म्हणाले. पुढे काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ताई घरी कणीक मळत होत्या. नवरा शेजारी उभा राहून कामावरचं काहीबाही सांगत होता. मध्येच तो थांबला. "हे काय करतेस?"

ताईंनी खाली पाहिलं. त्यांच्या अंगठ्याने कणकेत एक पापणी ओढली होती. पातळ, अगदी जिवंत. आणि ती उघडायची कशी, हेही त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

त्यांनी मुठीने कणीक दाबून सपाट केली.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर पोचल्या. सगळी माती बागेमागच्या खड्ड्यात ओतून आल्या, घमेलं घासलं, हात कोपरापर्यंत धुतले. मातीऐवजी बोटांच्या व्यायामाला टेबलावर कपड्यांचे चिमटे मांडून ठेवले.

मास्तर आले. आज लेकही बरोबर थांबली होती. ताईंनी त्या दोघांना आणि काकांना एकत्रच बोलावलं होतं. जे काय असेल ते डोळ्यांदेखत व्हावं, असं त्यांना वाटलं.

चिमट्यांकडे कुणी बघितलं नाही.

मास्तरांचे दोन्ही हात वर आले. उजवाही, थरथर न करता. ते हवेत, समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या वरच्या अंगाला काम करू लागले. काकांनी डावा हात उचलला. बोटं मिटली, उघडली, मिटली.

"काका, थांबा," ताई म्हणाल्या.

"मी काही करत नाहीये, ताई."

मास्तर खुर्चीकडे बघून हळूच म्हणाले, "कालच्यासारखी मान नका वळवू हं. थोडंच राहिलंय."

काल. आजारपणात हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

लेक त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, काल कोण होतं तिथे? मी काल आले होते, आठवतं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "माफ करा, आपण कोण?" ते सौजन्याने म्हणाले, आणि परत कामाला लागले.

मास्तरांचा आणि काकांचा, दोन अंगठे, शेजारी शेजारी, पापण्या उघडाव्यात तसे वर सरकले.

"झालं," मास्तर म्हणाले. काकांचा हात मांडीवर पडला.

लेक उठली. डोळे पुसत तिने डबा उचलला आणि टेबलाच्या पलीकडे निघाली. रिकाम्या खुर्चीला तिचा धक्का लागला. "सॉरी हं," ती पुटपुटली आणि बाजूने गेली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ताईंच्या आलं. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. वारं नको म्हणून खिडकी लावायला त्या नुकत्याच आल्या होत्या. टेबलापासून खिडकीपर्यंतची वाट सरळ होती, मोकळी होती. तरी खुर्चीपुढून येताना त्या साडी आवरून, वळसा घेऊन आल्या होत्या, जसं आपण कुणाचे लांब केलेले पाय ओलांडायचं टाळतो.