चाकं काढलेली खाट

दार लोटून घे रे. आणि तू, फिदीफिदी हसायचं असेल तर आत जाऊन झोप. ही ऐकीव थाप नाही, माझ्या धाकट्या मेव्हणीवर गुदरलेलं आहे.

ती मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीला सिस्टर. गेल्या अमावास्येला, रात्री पावणेतीनला, ती सलाईनच्या बाटल्या आणायला स्टोअरकडे निघाली. रोजचंच काम.

पण आधीचं ऐका. वरून हुकूम आलेला, इमर्जन्सीत कुणी चार तासांपेक्षा जास्त ताटकळता कामा नये. छान! पण वर वॉर्डात खाट नको? मोठ्या साहेबांनी अक्कल पाजळली. "स्ट्रेचरची चाकं काढा. चाकं काढली की ती खाट. खाट मिळाली, वाट बघणं संपलं." मेव्हणी कुरकुरली, तर म्हणाले, "सिस्टर, वर एकही खाट रिकामी नाही हो. पहाटेच्या आत सोय करतो, माझा शब्द."

त्या स्ट्रेचरवर एक म्हातारा बसड्रायव्हर होता, धाप लागलेला. मेव्हणी त्याला म्हणाली, "बाबा, जागा झाली की मीच ढकलत नेईन तुम्हाला."

पहाटे त्याचा श्वास अडकला. साहेबांचा फोन बंद. चाकांशिवाय ढकलणार काय, कपाळ? चौघांनी उचलला, पण लिफ्टपाशीच गेला बिचारा. आणि चौकशीत साहेब म्हणाले, "चाकं सिस्टरनं परस्पर काढली." केसानं गळा कापला रे पोरीचा! ती बिनचाकाची खाट मग इमर्जन्सीबाहेरच्या बोळात, कोपऱ्यात पडून राहिली.

तर त्या अमावास्येला... बोळात आवाज आला. किर्र... किर्र...

त्याच स्ट्रेचरचं एक चाक असं वाजायचं. पण चाकं तर स्टोअरमध्ये. कुलपात.

आवाज जवळ आला. शेजारून गेला. लिफ्टपाशी थांबला.

...

मग वरच्या मजल्यावर. किर्र...

तिनं मागे पाहिलं. कोपरा रिकामा.

ती जिन्यानं वर धावली. टोकाच्या बंद खोलीसमोर ती खाट उभी. फरशीवर ओरखडा नाही. वॉचमननं खोली उघडली. आत नवी कोरी खाट, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. साहेबांच्या माणसांसाठी राखलेली, केव्हापासूनची.

मेव्हणीनं वॉचमनचा हात धरला. "खाट होती," म्हणाली. "अहो, खाट होती..."

उजाडल्यावर स्टोअरचं कुलूप तिनंच काढलं. चारही चाकं जागच्या जागी. तिनं हात लावला...

गरम होती.