पांढऱ्या गवतावरची पावलं

हसू नका हं, नाहीतर सांगणार नाही.

दुकानात मी गल्ल्यावर होते आणि हा समोर उभा, हातात लोकरीच्या हातमोज्यांची सगळ्यात पातळ जोडी.

"हे थंडीला पुरतील?"

"कुठल्या थंडीला?"

"ही... आत्ताची."

"ही थंडी नाहीये. ती अजून यायचीय."

तो असा काही हसला, की मी त्याला पिशवी दोनदा दिली.

रावीरी. सफरचंदं तोडायला आलेला, पार उत्तरेकडच्या उबदार समुद्राकाठचा. त्यांच्याकडे दव गोठून गवत कधी पांढरं होतच नाही म्हणे. हंगाम संपला, बाकीची पोरं गेली, हा मात्र बागेतल्या खोलीत राहिला.

"पांढरी सकाळ एकदा डोळ्यांनी बघायचीय," म्हणाला. "बघितली की निघालो. मामा बोटीवर वाट बघतोय."

तेव्हा मला काय, जाईना का! पण मग तो रोज यायला लागला. कधी काडेपेटीला, कधी नुसताच... आणि नुसता आला की जास्त वेळ थांबायचा.

मी ओटागोतली, इथल्या पार दक्षिणेकडच्या थंडीतली मुलगी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला — की लहानपणापासून मी खूश. उद्या पांढरं पडणार. यंदा मात्र रोज संध्याकाळी मी ढग शोधत होते.

पडायचं ते पडलंच. उठले तर कुंपणाच्या तारेला पांढरी पिसं फुटलेली. कोळ्याचं जाळं सुतळीएवढं जाड. विलोच्या झाडाच्या काडीकाडीवर बर्फाच्या सुया, आणि कुठे आवाज म्हणून नाही. मी रस्त्याकडच्या खिडकीशी उभी राहिले. इतकं सुंदर... आणि मला रडू येत होतं.

दुपारी तो दुकानात आला.

"निघालास?" मी वर बघितलंच नाही.

"कुठे? उठलो तेव्हा सगळं वितळलेलं."

"एवढा वेळ झोपलास?"

"गाढ. पांघरूण सोडतच नाही मला."

"आळशी."

"आहेच," तो म्हणाला, आणि कान लाल.

पुढच्या पांढऱ्या सकाळीही तेच. त्याच्या पुढच्याही. मी मनातल्या मनात त्या पांघरुणाचे आभार मानत होते. पण मामाचे फोन वाढले होते, आणि एक ना एक दिवस हा वेळेवर उठणार, हे मला कळत होतं.

मग पावलं उमटली.

आमच्या घराला लागून बोल्सचं, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाचं मैदान, बाबा राखतात ते. गोठलेल्या गवतावर पाय ठेवायचा नाही, हे इथल्या पोराला चालायच्या आधी कळतं. पाती काचेसारखी मोडतात. दव वितळलं की त्या दिवशी काही दिसत नाही, पण चार-पाच दिवसांनी पाऊल तपकिरी होऊन वर येतं, ते वसंतापर्यंत जात नाही.

"कोण गाढव!" बाबा मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडले. सगळा क्लब जमला.

ॲग्नेस आजी वाकून म्हणाल्या, "एवढे मोठे पाय आपल्या गावात कुणाचे नाहीत बाई."

पावलं बागेकडून निघाली होती. मैदान तिरकं कापून सरळ... आमच्या मागच्या फाटकाशी. तिथून परत. एकदा नाही, तीनतीनदा.

बाबा फाटकाशी वाकले. "इथं बघ, ब्रायनी. इथं तो इतका वेळ उभा होता, की गवत पार मेलंय." मग वळून माझ्याकडे बघितलं.

मी बोटं तोंडावर धरून उभी. म्हणजे हा उठत होता. पहिल्या दिवसापासून.

त्यानंतरच्या पांढऱ्या सकाळी, उजाडायच्या आधी, मी फाटकात जाऊन उभी राहिले. नाक बधिर. जरा फटफटलं तसा तो पलीकडे दिसला, मैदानाच्या अगदी काठावर.

"थांब," मी म्हणाले. "गवतावर पाय ठेवू नकोस."

तो एक पाय उचललेला तसाच उभा. "का?"

"खाली बघ."

त्याने बघितलं. स्वतःचीच पावलं, सगळी, माझ्या दारापर्यंत. बराच वेळ बघत होता.

"मग येऊ कसा?"

"वाटेनं. सगळे येतात तसा."

पूर्ण वळसा घालून आला, खडीवर पाय वाजवत, तोंडातून वाफा. फाटकापलीकडे थांबला.

"पांघरुणानं सोडलं आज?"

"ब्रायनी..."

"कधी बघितलंस पांढरं?"

"पहिल्याच दिवशी. तुला उठवायला आलो होतो. तुझ्याबरोबर बघायचं होतं. पण इथं आलो की..." त्यानं फाटकाच्या दांडीवरचं पांढरं बोटानं खरवडलं. "आणि बघितलं म्हटलं असतं, तर जावं लागलं असतं ना."

"मी रोज ढग मागत होते," मी म्हणाले. "तू जाऊ नयेस म्हणून."

 त्यानं त्या पातळ हातमोज्यातला हात पुढे केला. बर्फासारखा गार. मी धरला, आणि आम्ही दोघं तारेवरची पिसं बघत राहिलो, पहिलं ऊन येईपर्यंत.

स्वयंपाकघराची खिडकी करकरली.

"त्याला सांग," बाबांचा आवाज, "वसंतात तिथं नवीन बी पेरायचंय. ते त्यानंच पेरायचं. गवत भरून येईपर्यंत सुटका नाही."

"मामाला काय सांगू?" रावीरीनं हळूच विचारलं.

"खरं सांग. गवत खराब केलंस म्हणून अडकवलंय."

पावलं अजून आहेत. बघायची तर जाऊन या. पण कडेनं जा हं.