सॅम्युएलचा बेस

भिंगारमध्ये प्रभुदास साळव्यांच्या कानाला तोड नव्हती. चर्चमध्ये कुणाचा सूर जरा उतरला, तरी मागच्या बाकावरून त्यांना कळायचं, आणि सांगून टाकल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यामुळे एंजल म्हणाली, "पप्पा, ऐंशीच्या दशकातल्या तुमच्यासारख्या बँडची गाणी हल्ली पोरं शोधून ऐकतात. कॅसेट द्या, लॅपटॉपवर घेते," तेव्हा ते फुशारले. मनातून मात्र चरकले.

छावणीतल्या एका साहेबाच्या कॅसेटी ऐकून तिघांनी बँड काढला होता. काळे शर्ट, उदास गाणी. प्रभुदासांची गिटार, बजरंगचे ड्रम आणि सगळ्यांच्या वर सॅम्युएलचा बेस, म्हणजे खर्जातली गिटार. रेकॉर्डिंगला पंखा बंद, हा सॅम्युएलचा नियम. मग लाकडावर चार टिचक्या, की गाणं सुरू.

शहाऐंशी साली घराच्या याच पुढच्या खोलीत, रेकॉर्डिंग चालू असताना, प्रभुदास गाण्याच्या मध्येच ओरडले होते, "थांब, चुकतोयस!" सॅम्युएल बेस ठेवून निघून गेला. आठवड्याने पाथर्डी रस्त्यावर त्याला ट्रकने उडवलं. एंजलचा तेव्हा जन्मही नव्हता. तो खरंच चुकला होता का, हे प्रभुदासांना चाळीस वर्षं खात होतं.

त्या दिवशीच्या कॅसेटच्या कडेची खिट्टी त्यांनीच मोडली होती, पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून. ती मोडलेलीच आहे, हे त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं.

दुपारी तीनला एंजलने टेप लावला. वर पंखा घरघरत होता. गाणं वाजलं, ओरडणं आलं, पुढे नुसती खरखर.

"आवाज बारीक आलाय. परत घेते."

या वेळी ओरडण्यानंतरही बेस चालूच राहिला.

"मागच्या बाजूचं उमटतंय," प्रभुदास ठामपणे म्हणाले. "जुन्या टेपला होतं असं."

एंजलने बाजू उलटून लावली. ती कोरी होती.

तिने पुन्हा पहिली बाजू लावली, तेव्हा प्रभुदासांनी भिंतीवरची गिटार काढून साथ धरली. तिसऱ्यांदा तो 'चुकलेला' सूर आला, पाठोपाठ आणखी तीन आले, आणि त्यांच्या लक्षात आलं. गाणं तिथे नव्या सुरावर वळत होतं. ओरडायची घाई त्यांनीच केली होती.

"सॅम्या, माझंच चुकलं रे," ते मोठ्याने म्हणाले.

बेस थांबला.

"एंजल," कॅसेटमधून पोरगेला आवाज आला, "पंखा बंद कर की. रेकॉर्डिंगमध्ये येतोय."

एंजलने वडिलांकडे पाहिलं. मग उठून बटण दाबलं.

पाती थांबेपर्यंत कॅसेट गप्प होती. नंतर लाकडावर चार टिचक्या वाजल्या.