भेटीखाली टांगलेली नोंद

नर्सने इंजेक्शनसाठी दंड धरला आणि खाटेवरची बाई किंचाळली, "हे औषध मला चालत नाही! तुमच्याकडे लिहून दिलंय मी!"

संगणकावर काहीच नव्हतं.

तासाभरात थोरलीला बोलावणं आलं. इस्पितळाच्या नोंदी तपासणं हे तिचं काम. रुग्णांची माहिती असलेल्या जुन्या एक्सएमएल फायली आठवड्यापूर्वीच नव्या साच्यात ओतल्या होत्या आणि नवा आराखडा होता तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा. त्याच्या आदल्या मंगळवारी अकरा ते बारा धाकटीने तो सभागृहात समजावला, तेव्हा थोरली शेवटच्या रांगेत एकटीच बसली होती. प्रत्येक टाळीसरशी तिचा जळफळाट होत होता.

तिने आराखडा उघडला. 'न चालणारी औषधं' थेट रुग्णाला जोडलेली. बरोबर. मग रूपांतराचे नियम पाहिले. तिथे तीच नोंद 'भेटी'खाली टांगलेली! आणि नव्या साच्यात भेटी फक्त यंदाच्या घेतल्या होत्या; म्हणजे रूपांतरापर्यंत यंदा जो इस्पितळात आलाच नाही, त्याची नोंद गळाली. अशी चारशे बारा माणसं.

बदल त्याच मंगळवारचा, अकरा वीसचा. लॉगिन धाकटीचं. शेजारी टीप : 'दुखणाइताच्या भेटीप्रमाणे.'

सापडली! थोरलीला मनातून गुदगुल्या झाल्या. मग एक गोष्ट आठवली. ती गिळून टाकावी असं तिला फार वाटलं. गिळवेना.

तिने धाकटीला आणि संगणक विभागाच्या साहेबांना एकत्र बोलावलं. जुन्या फायलींची रचना वीस वर्षांपूर्वी साहेबांनीच केली होती.

"त्या मंगळवारी सभागृहात जाताना संगणक बंद केला होतास?"

"नाही गं ताई. घाईत तसाच राहिला."

"साहेब, तुम्ही कुठे होतात?"

"सभागृहात. शेवटच्या रांगेत. छान बोलली पोर."

"त्या रांगेत मी एकटी होते."

साहेब खुर्चीतून उठू लागले.

"अकरा वीसला ही मंचावर होती," थोरली म्हणाली. "उघड्या संगणकावर दुसरंच कोणीतरी बसलं. हिच्या आराखड्यात सगळीकडे 'रुग्ण' आहे. 'दुखणाईत' हा जुन्या फायलींतला शब्द, तुमचा. सवयीने हातून उतरला."

"वीस वर्षांचं काम हिने एका कागदावर मोडीत काढलं," साहेब पुटपुटले. "वाटलं, फार तर हिचं हसं होईल. कुणाच्या जिवावर बेतेल असं..."

नियम दुरुस्त झाला, नोंदी परत आल्या. साहेबांना वरच्या मजल्यावर संचालकांपुढे नेलं.

"ताई, मी अकरा वीसला बोलतच होते, हे इतकं नेमकं कसं आठवलं तुला?"

"घड्याळ धरून बसले होते. कधी अडखळतेस ते बघायला."

धाकटीने विचारलं, "अडखळले?"

"नाही," थोरली म्हणाली. "एकदाही नाही."

तेवढं बोलायला तिला सगळ्या तपासापेक्षा जास्त कष्ट पडले.