वाचणाऱ्याची ताटली

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आठवीतच शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. मी ज्या सुताराच्या हाताखाली काम करतो, त्याच्या मुलाची ही हकिकत. त्यानं सांगितली तशी लिहितो.

घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. कॉलेज ख्रिस्ती धर्मगुरूंचं, शिस्त अशी की डास चावला तरी मुलं बसल्या जागी हलत नसत. जेवताना बोलायची बंदी. ऐंशी मुलं खाली मान घालून जेवायची आणि एक जण उंच लाकडी व्यासपीठावरून पवित्र शास्त्र वाचायचा. त्याची ताटली व्यासपीठाच्या पायरीवर झाकून ठेवलेली असे. सगळे उठून गेले की त्यानं एकट्यानं जेवायचं आणि रिकामी ताटली रेक्टर फादरांना, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखांना, दाखवायची. अन्न टाकलं की नाव कमी. गेल्याच वर्षी दोघांना असं घरी धाडलं होतं.

मुलाची आठवडाभराची वाचनाची पाळी लागली, तेव्हा सुतारानं ते गल्लीभर सांगून टाकलं होतं.

सोमवारी दुपारी वाचन संपवून त्यानं झाकण उचललं. आत उकडलेले बटाटे आणि पाव होता, पण कुणीतरी चघळून परत ठेवलेला. नुसता लगदा. वर लाळेची तार लोंबत होती. ताटली कोमट होती, पण ती ऊब चुलीची नव्हती, तोंडातली होती. आजाऱ्याच्या उशीला येतो तसला वास येत होता. तो लगदा त्यानं रुमालात बांधला, खिशात कोंबला आणि रिकामी ताटली दाखवून सुटला.

स्वयंपाकघरातल्या मावशींना त्यानं भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, मी डावानं वाढते रे, दातांनी नाही. झाकणही त्या स्वतःच ठेवत होत्या.

मंगळवारी वाचता वाचता त्याचा एक डोळा ताटलीवर होता. कुणी जवळ फिरकलं नाही. झाकण जागचं हललं नाही. जेवण संपल्याची घंटा झाली, ऐंशी जबडे एकदम थांबले. चघळण्याचा आवाज मात्र थांबला नाही. तो खालून येत होता, पायरीवरून... मचक... मचक... बोळक्या तोंडाचं म्हातारं माणूस खातं तसा, सावकाश. त्या दिवशीही रुमालच कामी आला.

बुधवारी सगळे उठून गेल्यावर रेक्टर फादर त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. खिशावरचा ओला डाग त्यांनी आदल्या दिवशीच पाहिला होता.

"बस, बाळ. आज मी थांबतो."

त्यानं झाकण उचललं. "फादर, हे... हे कुणीतरी खाल्लेलं आहे."

फादरांनी लगद्याकडे पाहिलं. नाकाला रुमाल लावला नाही की तोंड फिरवलं नाही.

"वाचनाच्या पहिल्या आठवड्यात मलाही जड गेलं होतं," ते हळूच म्हणाले. "खा. नाहीतर पेटी भर."

गल्लीभर सांगत सुटलेले वडील त्याला आठवले. त्यानं डोळे मिटून चमचा तोंडात घातला. चावायची गरजच नव्हती. घास जिभेवर टेकला आणि वाट ठाऊक असल्यासारखा आपला आपण घशात उतरला. मग दुसरा. तिसरा. ताटली लख्ख झाली तेव्हा फादरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचं नाव राहिलं.

पण संध्याकाळी त्यानं आपल्या हातानंच पेटी भरली आणि घर गाठलं. वडील ओरडले नाहीत. रंधा खाली ठेवून नुसते बसून राहिले. ओरडले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांची न्याहारी झाकून आई बाहेर गेली होती. वडील आंघोळीला गेले होते. आपल्याला भूक नव्हती, असं तो शपथेवर सांगतो. त्यानं झाकण काढलं. पावाचा तुकडा मोडला, तोंडात घातला, सावकाश चघळून मऊ केला आणि परत ताटलीत ठेवला. सगळा पाव त्यानं असाच केला. मग झाकण ठेवलं आणि वडिलांना हाक मारली.