चौदा रिकामी घरटी

चौदा घरटी रिकामी होती. कालपर्यंत प्रत्येकात अंडी होती.

एप्रिल २००३. कळमनुरीपलीकडच्या धरणाचे पाणी उतरले की मधोमध एक बेट उघडे पडे आणि नदी सुरय पक्षी तेथे वाळूत अंडी घालीत. त्यांच्या राखणीसाठी हिंगोलीच्या निवृत्त मुख्याध्यापिका सुनीतीबाईंनी बारा स्वयंसेवक उभे केले होते. पंधरा दिवसांत एकाचाही खाडा नाही. दुपारी जेवताना प्रत्येकाने आधी कावळ्याचा घास काढून ठेवायचा, हाही बाईंचाच नियम.

वनपाल देविदास घाम पुसत म्हणाले, "बाई, चारला साहेब येऊन राहिलेत. चोर दाखवावा लागंल. अन् होडी तर एकट्या धनसिंगची."

"होडी त्याची म्हणून चोरी त्याची?"

"त्याचं काम जाईल, मला कळतंय. पण माझ्या हातात काय हाय?"

तांड्यावरचा धनसिंग, वनखात्याने रोजाने लावलेला नावाडी, होडीच्या काठावर बसला होता. बाईंना पाहून तो उठला.

"आमच्याआधी तू एकटा बेटावर आला होतास?"

"न्हाई बाई. एकला येऊन काय करू?"

"मग अंडी कोणी नेली?"

"मला काय ठाव? आमच्या तांड्यावर कोंबड्या मेल्या काय, म्हणून पाखराची अंडी चोरू?"

"उलट बोलू नकोस."

"मग तुमी सुलट विचारा की."

बाई एकट्याच घरट्यांमधून फिरल्या. प्रत्येक रिकाम्या घरट्याशेजारी क्रमांकाची बांबूची काठी, कालच रोवलेली. वाळूत स्वयंसेवकांच्या पावलांखेरीज माणसाचा ठसा नाही. कवचाचा तुकडाही नाही. काठ्यांच्या टोकांवर पांढरे डाग. उताराकडे मात्र काठ्या संपल्यामुळे चार घरट्यांना क्रमांक मिळाले नव्हते. ती चारही भरलेली होती.

"देविदास, चोराने ही चार का सोडली?"

"दिसली नसतील."

"धनसिंगला? सगळी घरटी आपल्याला त्यानेच दाखवली."

बाईंनी धनसिंगला हाक मारली.

"धनसिंग, मागल्या वर्षी येथे कावळे होते?"

"एवढ्या पाण्यावरून कावळा काहून येईल, बाई? इथं त्याला खायाला काय?" तो अडखळला. "औंदाच आले. होडीमागं येतात. जेवणाच्या टायमाला बराबर."

बाईंनी जवळच्या काठीवरचा पांढरा डाग नखाने खरवडला. मग म्हणाल्या, "लिहून घ्या, देविदास. चोर सापडला."

देविदासांनी पेन काढले.

"बेटावर कावळा नव्हता. आपण घास ठेवू लागलो आणि तो आला. तरीही वाळूच्या रंगाचे अंडे त्याला सहजी दिसले नसते. आपण घरट्याघरट्याशी काठी रोवून त्याला बसायला जागा दिली. हे पांढरे डाग त्याच्या विष्ठेचे. अंडे तो चोचीत धरून अख्खे नेतो, म्हणून कवच नाही, ठसा नाही. काठी नव्हती तीच घरटी वाचली. घासाचा हुकूम माझा, काठ्यांचाही माझाच."

"कावळ्यावर गुन्हा कसा लावू, बाई?"

"माझ्यावर लावा."

"मग उद्यापासून तुमा सगळ्यांना बेट बंद."

"होऊ द्या. धनसिंगचे काम मात्र जाता कामा नये."

देविदासांनी मान डोलावली आणि लिहिले.

धनसिंगने भराभरा काठ्या उपटल्या. त्याच वेळी एक कावळा उतारावर उतरला आणि चालत चालत, वाळू न्याहाळत, त्या चार घरट्यांकडे निघाला. त्याला आता काठीची गरज उरली नव्हती.

"बाई, धावू का अंगावर?"

धावले तर उबवणारे पक्षी उडणार, वाळूतली अंडी पायाखाली येणार. थांबले तर कावळा पोहोचणार.

"सांगा की, बाई! काय करू?"

चाळीस वर्षे हुकूम देणाऱ्या सुनीतीबाईंनी हात वर केला. तो हात तसाच राहिला. कावळ्याने पहिले अंडे उचलले.